लेखकाने श्रोत्यांकडे पाठ फिरवू नये



‘वाचक उरला नाही’ ही फिर्याद मराठी साहित्याच्या व्यासपीठावरून इतक्या वेळा गुदरली गेली आहे की ती गुदरणाऱ्यांना पुरावा देण्याची गरजही आता भासत नाही; आणि म्हणूनच या अध्यक्षपदावरून मी ती साफ नाकारतो. आटला आहे तो वाचकापर्यंत स्वतः चालत जाण्याचा आमचा उत्साह.

तसे चालत जाण्याची आजची एक वाट म्हणजे पॉडकास्ट; पण त्याचे नाव काढताच आमच्यांतील काही ज्येष्ठ नाक मुरडतात. माइकपुढे बसून आपले लेखन ऐकविणे त्यांना साहित्यबाह्य खटाटोप वाटतो. त्यांना माझा सवाल असा की, 1 एप्रिल 1955 पासून वर्षभर, पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्यास गीतरामायण ऐकू येऊ लागले आणि त्यातील 56 गीते घरोघरी कानांनी आधी आपलीशी केली, ग्रंथ मागाहून, 1957 मध्ये आला, तेव्हा ग. दि. माडगूळकरांची कविता कमअस्सल ठरली काय? शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर कथाकथन करीत गावोगाव हिंडले, ते काय लेखणी बोथट झाली म्हणून? ज्या भाषेत ज्ञानेश्वरी श्रोत्यांशी संवाद करीत अवतरली, त्या भाषेच्या लेखकाला बोलण्याचा कमीपणा वाटावा, हे मला सहन होत नाही.

त्या काळी आकाशवाणीच्या दप्तरातून मंजुरी यावी लागे. आज ती लागत नाही. अमेरिकेतील स्कॉट सिग्लर याच्या ‘अर्थकोअर’ कादंबरीची छापील आवृत्ती निघण्यापूर्वीच प्रकाशकाने आपली ती शाखा बंद केली, तेव्हा 2005 मध्ये त्याने ती स्वतःच्या आवाजात, प्रकरणाप्रकरणाने, विनामूल्य ऐकविली. श्रोते जमले, आणि 2008 मध्ये क्राउन या मोठ्या प्रकाशनसंस्थेने त्याची ‘इन्फेक्टेड’ प्रसिद्ध केली.

पॉडकास्टला भांडवल थोडेच लागते. गाद्यागोधड्यांचे कपाट उघडून त्यापुढे बसावे, म्हणजे खोलीचा घुमारा मरतो. पंखा बंद करावा. माइक ओठांसमोर न धरता किंचित बाजूस धरावा, म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’ यांचा फुत्कार त्यावर आदळत नाही. आणि वाचता वाचता ज्या वाक्यापाशी श्वास अपुरा पडेल, तेथे वाक्यच तपासावे, कारण कान जे दोष पकडतात ते मुद्रितशोधकाच्याही नजरेतून निसटलेले असतात.

सावधगिरीची जागा निराळी आहे. पॉडकास्टचा कणा म्हणजे आर.एस.एस. फीड, ध्वनिमुद्रणांची एक उघडी यादी, जी कोणत्याही ॲपने वाचावी आणि नवा भाग येताच श्रोत्यास कळवावे. ती यादी आपल्या ताब्यात असली, तर साठवणीची जागा बदलली तरी श्रोते आपल्याबरोबर येतात. तिचा इजारा एकाच कंपनीला लिहून दिला, की श्रोते तिचे आणि लेखक तिचे कूळ! प्रकाशकाच्या करारनाम्यातही ‘सर्व हक्क’ या मोघम कलमाखाली ध्वनिहक्क निमूटपणे निघून जातात, आणि आपण सही करून मोकळे होतो.

म्हणून माझी मागणी आहे की, ध्वनिहक्क लेखकाकडेच राखणारा नमुना-करारनामा साहित्यसंस्थांनी सिद्ध करावा, आणि सत्कारांसाठी दालने बाळगणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या वास्तूतील एक खोली ध्वनिमुद्रणासाठी लेखकांना विनाशुल्क खुली करावी. हा ठराव आज, याच मंडपात मतास टाकला जावा, असा माझा आग्रह आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी उभे राहून तो नोंदवावा.