बोलका फोन

 

आपल्या वर्गातल्या संगणकाला फोन जोडलेला आहे. त्या नंबरावर फोन केला की आतून निरोप ऐकू येतो. "आत कोण बसलंय?" असं परवा एका बाबांनी विचारलं. आत कोणी नाही बाबा. तीच गोष्ट आज सांगतो.

संगणकाला एक मूळ कारभारी लागतो. आपल्या कारभाऱ्याचं नाव लिनक्स. 1991 साली फिनलंड देशातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं तो लिहायला घेतला. त्याला पैसा पडत नाही. त्याच्या हाताखाली अ‍ॅस्टरिस्क बसवलं. ते फोन उचलतं आणि ठेवतं. पण त्याला वाचता येत नाही. म्हणून तिसरा गडी आणला, ईस्पीक एनजी. त्याला मराठी अक्षरं कळतात. अक्षर पाहून तो नियमानं आवाज जुळवतो. बोलणं जरा पत्र्यासारखं वाटतं खरं! माणसाचा आवाज भरून ठेवला तर गोड लागेल. पण निरोप रोज बदलतो. रोज बोलायला कोण येणार?

पहिल्या दिवशी फोन लागला, पण आवाजच नाही. माझ्या दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मग उमगलं. ईस्पीक एका सेकंदाचा आवाज 22,050 बारीक तुकड्यांत मांडतो. आमच्या फोनला सेकंदाला 8,000 तुकडेच चालतात. जास्त दिले तर अ‍ॅस्टरिस्क ते घेतच नाही. मधे सॉक्स नावाचा आणखी एक गडी ठेवला. तो 22,050 चे 8,000 करून देतो. लगेच फोन बोलू लागला.

पण यंत्र लिहिलं तेच वाचतं. खरंखोटं त्याला कळत नाही. मागं नर्सबाईंनी लसीची चिठ्ठी दिली. चिठ्ठीत 'बुधवारी' होतं, मी 'गुरुवारी' लिहून बसलो. यंत्रानं बिनदिक्कत गुरुवारच सांगितला असता, आणि लेकरं घेऊन आयाबाया एक दिवस उशिरा आल्या असत्या. वर्गातल्या एक आजी जवळ बसल्या होत्या. त्यांना अक्षरओळख होऊन दोनच महिने झालेले. चिठ्ठीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "मास्तर, इथं तर 'बु' हाय!"

मी तो शब्द बदलला. तेव्हापासून निरोप लिहिला की आधी आजी वाचतात, मग यंत्र. आज त्या लेकीकडं गेल्यात. उद्याचा निरोप हा इथं आहे. कोण वाचतं?