पंडिता रमाबाईंच्या शंका



नर्सीच्या नामदेवांचा हा मुलूख. देवाशी भांडावे, रुसावे, आणि तरी त्याचे पाय सोडू नयेत, ही रीत आपणांस नवी नाही. पंडिता रमाबाईंचे ख्रिस्ती जीवन समजून घ्यावयास हीच रीत उपयोगी पडते.

१८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला; पण बुद्धी गहाण टाकली नाही. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी त्यांना शंका होत्या, आणि त्या त्यांनी उघड बोलून दाखविल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, हेही विचारले. शाकाहार तर सोडलाच नाही! सिस्टर जेराल्डीन यांना हा गर्व वाटला. मला तसे वाटत नाही. जिने शास्त्र्यांचा अधिकार नाकारला, तिने पाद्र्यांचा तरी डोळे मिटून का मानावा?

पुढे केडगावी, मुक्ती मिशनात, हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणले. साध्या बाईलाही ते स्वतः वाचता यावे, हा हेतू. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, तेव्हा भाषांतर नुकतेच पुरे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली निघाला, तोही मुक्तीच्याच छापखान्यातून. आणि त्या छापखान्यात काम करणाऱ्या बायकाच होत्या.