पिंजऱ्याने राखण होत नाही
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आम्ही गावोगाव कापसाच्या भावावर बोलायला जातो आणि प्रत्येक बैठक रोही आणि रानडुकरावर येऊन संपते. ज्वारीचा पेरा का सोडला असे विचारले तर उत्तर एकच. जागल करायला माणूस राहिला नाही. ज्वारी गेली म्हणजे कडबा गेला, कडबा गेला म्हणजे बैलजोडी गेली. हे नुकसान कोणत्याच पंचनाम्यात लिहिले जात नाही.

यावर आमची आजवरची मागणी काय होती? जनावरे उचला आणि दूर जंगलात नेऊन सोडा. निवेदनांत आम्हीच हे लिहिले, मोर्चांत आम्हीच हे ओरडलो. आज कबूल करतो की ती मागणी अर्धवट होती. आमच्या राज्यातच तिचा अनुभव घेऊन झाला आहे.

जुन्नर भागात उसात बिबटे वाढले. २००१ पासून पिंजरे लावून शंभराच्या आसपास बिबटे धरले आणि त्यांतले बरेच दुसरीकडे सोडले. परिणाम काय झाला? १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी ४ माणसांवर हल्ले होत होते, ते २००१ ते २००३ या काळात १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते, आणि एकाची जागा रिकामी झाली की तिथे दुसरे येते.

मुंबईची गोष्ट याच्याच पुढची. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला चारही अंगांनी वस्तीचा वेढा. बाहेरून धरलेले बिबटेही तिथे सोडले जात होते. २००४ च्या जूनमध्ये एका महिन्यात अनेक माणसे गेली. तेव्हा शहराला प्रश्न उलटा मांडावा लागला. बिबट्या वस्तीत येतो कशाला? कचऱ्यावर जगणाऱ्या कुत्र्या-डुकरांसाठी. २०११ पासून वनखाते, अभ्यासक आणि नागरिक एकत्र बसले. कचरा उचला, दिवे लावा, अंधारात पोराला एकटे सोडू नका, बिबट्या दिसला की गर्दी करू नका, हे वस्तीवस्तीत जाऊन सांगितले. पोलीस आणि वार्ताहर यांनाही त्यात घेतले. हल्ले कमी झाले, पण संपले नाहीत. २०२२ मध्ये आरेत एक लहान मूल गेले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातही मुले गेली. ज्याचे लेकरू गेले त्याला आम्ही शहाणपण शिकवणार नाही. माणसावर सवकलेले जनावर तातडीने हटवलेच पाहिजे. पण दिसला बिबट्या की लाव पिंजरा, याला बंदोबस्त म्हणत नाहीत.

आता आपल्या शिवाराकडे या. बिबट्या कुत्र्यामागे येतो, तसे डुक्कर दाण्यामागे येते आणि रोही पऱ्हाटीच्या कोवळ्या शेंड्यामागे. चार धुऱ्यांत एकच ज्वारीचे वावर असेल तर सगळा कळप त्याच वावरात उतरणार. म्हणून ज्वारी पेरायची तर दहा-वीस जणांनी लागून, एका आठवड्यात पेरा. दाणा एकदम भरतो, नुकसान वाटले जाते आणि जागल पाळीने करता येते. रब्बीत कडेने काटेरी करडईच्या चार ओळी घ्या. आपल्या बापजाद्यांनी ती उगाच घेतली नव्हती. गावाच्या कडेचा उकिरडा आणि वेड्या बाभळीचे रान साफ करा. डुकराचा दिवसाचा मुक्काम तिथेच असतो.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. कुंपणात घरच्या लाइनचा करंट सोडू नका. डुक्कर मरेल की नाही सांगता येत नाही, पण पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी मरतो, कधी आपलाच पोरगा मरतो. वर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, त्याने जनावर परत फिरते. जंगलालगतच्या गावांसाठी सरकारची जन-वन विकास योजना आहे. तिच्यातून कुंपण मागा, आणि एकट्याच्या वावराला नव्हे, सगळ्या शिवाराला मागा. एकट्याने कुंपण केले की जनावर शेजाऱ्याच्या वावरात जाते.

सरकारला आमचा सवाल आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाला धोका असेल तर जनावर मारण्याची परवानगी देण्याची तरतूद आहे. पण परवाना मिळाला तरी कापूस वेचणाऱ्याने बंदूक कुठून आणायची? २०१६ मध्ये बिहारात मोकाम्याला रोही मारायला शिकारी सरकारने बोलावले होते. इथे ती जबाबदारी शेतकऱ्याच्या गळ्यात का? केंद्राने २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर केले की २०२६ च्या खरिपापासून पीकविम्यात वन्यप्राण्यांचे नुकसान जोडता येईल, मात्र ७२ तासांत मोबाइलवर फोटोसह कळवावे लागेल. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे, हे राज्याने ठरवायचे आहे. त्या यादीत आपला जिल्हा, आणि रोही व रानडुक्कर दोन्ही, आहेत की नाही हे प्रत्येक तालुक्याने तपासावे. नसतील तर तीच आपली पहिली मागणी.

जंगल देशाचे आहे, मग त्याची राखण एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या कणसावर का? परत गेल्यावर ग्रामसभेत एक वही ठेवा. कोणत्या रात्री, कोणाच्या वावरात, कोणते जनावर, किती ओळी गेल्या, हे लिहा. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाची वही घेऊन या. साहेब तोंडी गाऱ्हाणे विसरतात, तारखेनिशी भरलेल्या शंभर वह्या टेबलावर ठेवल्या की त्यांना उत्तर द्यावे लागते.

एवढे बोलून आम्ही थांबतो.