द्राक्षांच्या वाटेवर



सकाळी लवकर गाडी काढा.
कसारा घाट चढा, नाशिक गाठा…
आणि गंगापूर धरणाकडे वळा.

जानेवारी ते मार्च, इथे वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालते.
एक मणी तोंडात टाकून बघा… बागवानाला विचारून हं!
खायच्या द्राक्षापेक्षा लहान.
साल जाड. आत बी.
रेड वाइनचा रंग या सालीतूनच उतरतो.
आतला गर बहुधा पांढुरकाच असतो.
मला याचं दरवर्षी नवल वाटतं.

वाइन चाखायचा मोह होईल, पण एक सांगते…
गाडी चालवणाऱ्याने वाइन घ्यायची नाही.
चवीपुरतीही नाही.

दुपारी दिंडोरीकडच्या बागा पाहा.

परतताना अंधार असतो… घाटाची वळणं असतात.
म्हणून पुन्हा सांगते,
चालवणाऱ्याने घोटभरही नाही.
त्याची बाटली डिकीत ठेवा.
घरी पोहोचल्यावर उघडा.