जमीन गेली, मग जहाज आलं
(तालुका शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



ह्यू टिंकर नावाच्या इंग्रज इतिहासकाराचं १९७४ सालचं पुस्तक आम्ही काही जणांनी मिळून वाचलं. १८३० ते १९२० या काळात इंग्रजांनी इथला मजूर समुद्रापलीकडे कसा नेला, ते त्यात आहे. पुस्तकाच्या नावाचा अर्थच ‘गुलामीची नवी पद्धत’.

१८३४ साली इंग्रजांच्या वसाहतींत गुलामी कायद्यानं बंद झाली. पण उसाचे मळे चालायला हवेत ना! गियानातल्या मळ्यांचा मालक जॉन ग्लॅडस्टन यानं १८३६ साली कलकत्त्याच्या कंपनीला पत्र लिहिलं, मजूर मिळतील का? उत्तर आलं, मिळतील, डोंगरातले लोक आहेत. माणसापेक्षा माकडाच्या जवळचे, असंही त्यात लिहिलंय. कोण हे लोक? छोटा नागपूरचे उरांव, मुंडा. साहेब त्यांना ‘धांगर’ म्हणायचा. (आपल्याकडचे धनगर वेगळे.) मे १८३८ मध्ये दोन जहाजांतून सुमारे ४०० मजूर गियानात उतरले. करार पाच वर्षांचा.

आता डोंगरातला माणूस जहाजावर चढतोच कसा? आरकाटी फसवायचा, हे खरं. आरकाटी म्हणजे माणसामागे पैसे घेणारा दलाल. पण नुसत्या थापांनी गावंच्या गावं हलत नाहीत. १८३१-३२ साली याच मुलखात कोलांचा उठाव झाला होता. गावं बाहेरच्या ठेकेदारांच्या हाती गेली होती, म्हणून. फौजेनं उठाव मोडला. पाच-सहा वर्षांत तिथलीच माणसं कलकत्त्याच्या धक्क्यावर उभी.

टिंकर मुख्यतः समुद्रापलीकडचं सांगतो. पण त्याच छोटा नागपुरातून, संथाळांच्या मुलखातून आसामच्या चहामळ्यांवरही माणसं गेली. १८६५ च्या कायद्यानं पुरुषाला महिना ५ रुपये, बाईला ४. पळाला तर मळेवाल्यानंच वॉरंटाशिवाय पकडायचा! आपल्या कोकणातूनही मॉरिशसला माणसं गेली, त्यांच्यातली मराठी तिथं अजून टिकून आहे.

पुस्तकात एक कमी आम्हाला जाणवली. बहुतेक कागद साहेबाचे. मागं राहिलेल्या बाईनं शेत कसं राखलं, ते त्यात फारसं सापडत नाही. ते आपल्याकडे म्हाताऱ्यांना विचारावं लागेल.

दिवाळीनंतर मुकादम येतील. उचल कोणी घेतली, किती घेतली, अंगठा कोणत्या कागदावर दिला, आणि तो गेल्यावर प्लॉट कोण कसणार, हे प्रत्येक पाड्यानं वहीत लिहायचं आहे. पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या.