खोट्या पाहुण्यांची पंगत



कार्याच्या घरी शंभर पाट मांडावेत आणि जेवणाची मुळीच इच्छा नसलेल्या लोकांनी ते आधीच अडवून बसावे. मग आमंत्रित पाहुण्यांनी दारातूनच परतावयाचे. घरातील एक भांडेही चोरीस जात नाही, तरी कार्य मात्र बुडते. संकेतस्थळे चालविणाऱ्या सर्व्हरवर होणारा सेवारोधक हल्ला नेमका असाच असतो. बँकेचे व्यवहार व परीक्षांचे निकाल आज याच यंत्रांवर विसंबून असल्यामुळे हा विषय केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाही.

इ. स. १९९६ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क येथील पॅनिक्स या इंटरनेट-सेवा संस्थेवर हा प्रसंग गुदरला. दोन यंत्रांची भेट तीन शब्दांत ठरते : एकाने विचारावे, दुसऱ्याने होकार देऊन जागा राखावी आणि पहिल्याने त्याची पोच द्यावी. हल्लेखोराने खोट्या पत्त्यांवरून असंख्य पृच्छा धाडल्या. पोच कधी आलीच नाही आणि साऱ्या जागा अडून राहिल्या. त्याच सुमारास डॅनियल बर्नस्टाइन यांनी यावर तोड सुचविली. सर्व्हरने जागा न राखता उत्तरातच एक गुप्त खूण घालावी. ती खूण घेऊन जो परत येईल, त्याच्यासाठीच पाट मांडावा. खोटा पत्ता देणाऱ्यास ती खूण पोहोचतच नाही !

परंतु रस्ताच तुंबला, तर दारावरील ही युक्ती काय कामाची ? २१ ऑक्टोबर २०१६ रोजी संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणाऱ्या डाइन या अमेरिकन कंपनीवर असा लोंढा आला. ट्विटर, नेटफ्लिक्स आदी स्थळे तिकडील असंख्य लोकांना कित्येक तास दुर्लभ झाली. अशा वेळी अनेक शहरांतील सर्व्हरांवर भार विभागणे व खोटी वाहतूक वाटेतच गाळणे, हाच मार्ग उरतो.

या लोंढ्यातील सैनिक कोण होते ? सामान्य लोकांच्या घरचे कॅमेरे ! कारखान्यातून आलेले परवलीचे शब्द मालकांनी बदलले नव्हते. ‘मिराई’ नामक दुष्ट प्रोग्रामने असे सुमारे ६० ठरावीक शब्द लावून पाहिले आणि ती यंत्रे अंकित केली.

तात्पर्य, शेजाऱ्याच्या घरावर जाणारा दगड आपल्या अंगणातून उचलला जाऊ नये, हे पाहणे प्रत्येक गृहस्थाचे कर्तव्य आहे. आपापल्या घरचे कॅमेरे व राउटर यांचे परवलीचे शब्द आजच बदलावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.