गांवच्या भजनासाठीं ध्वनिक्षेपक

वऱ्हाडांत गाण्याची उणीव कधींच नव्हती. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यांतील कामरगांवासारख्या गांवांत दिवसभर शेतांत राबलेलीं माणसें रात्रीं देवळापुढें जमतात; कोणी पेटी पुढें ओढतो, कोणी टाळ उचलतो, कोणी खंजिरीवर थाप मारतो, आणि भजन सुरू होतें. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं (१९०९–१९६८) ही खंजिरी विदर्भाच्या खेड्याखेड्यांत पोहोंचविली, आणि गुरुकुंज मोझरीहून निघालेला तो नाद अजूनहि भजनी मंडळांतून ऐकूं येतो. अशा भजनाला श्रोते बहुधा शंभराच्या आंतबाहेर असतात. पुढें बसलेल्यांना सर्व कांहीं ऐकूं येतें. परंतु मागें, ओसरीच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्या बायांना टाळांचा खणखणाट तेवढा कळतो, शब्द कळत नाहींत. आणि भजनांतला शब्दच कळला नाहीं, तर उरलें काय?

येथूनच ध्वनिक्षेपकाचा प्रश्न निघतो. प्रश्न दिसतो यंत्राचा. पण त्याच्या मुळाशीं घरोघर फिरून जमविलेली वर्गणी असते. ती एकदां चुकीच्या वस्तूवर खर्च झाली, कीं दुसऱ्यांदा जमत नाहीं. शहरांतील कुटुंबांनाहि हा विषय परका नाहीं. कोजागरीचें गच्चीवरील गाणें, गणेशोत्सवांतील मुलांचा कार्यक्रम, दिवाणखान्याबाहेर गेलेली घरगुती मैफल, या सर्वांना तींच गणितें आणि तेच धोके लागू पडतात.

आजच्या ध्वनिक्षेपकाचें तत्त्व चांगलें शंभर वर्षांचें आहे. अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या राइस आणि केलॉग या दोघां संशोधकांनीं १९२५ सालीं तें सिद्ध रूपांत मांडलें. चुंबकाच्या क्षेत्रांत ठेवलेलें तारेचें वेटोळें विजेच्या लहरीबरोबर मागेंपुढें हलतें, आणि त्याला जोडलेला शंकूच्या आकाराचा कागदी पडदा हवा ढकलतो. बदल झाला तो या पडद्याला जोर देणाऱ्या वर्धकांत. पूर्वी वर्धकाची जड पेटी निराळी असे आणि तिच्यापासून भोंग्यापर्यंत तारा ओढाव्या लागत. आतां वर्धक ध्वनिक्षेपकाच्या पेटींतच बसविलेला असतो. बाजारांत यालाच ॲक्टिव्ह किंवा पॉवर्ड स्पीकर म्हणतात. ‘डी’ वर्गाच्या वर्धकांमुळें या पेट्या इतक्या हलक्या झाल्या आहेत कीं, एक माणूस एक पेटी उचलून नेऊं शकतो. वर्धक आणि पडदा एकमेकांना अनुरूप असे कारखान्यांतच जुळविलेले असल्यामुळें भलत्याच जोडणीनें पडदा जळण्याचें भयहि कमी होतें. उलट बाजूहि आहे. प्रत्येक पेटीपर्यंत विजेची तार न्यावी लागते, आणि आंतला वर्धक बिघडला कीं सबंध पेटी मुकी होते.

गांवांत अद्याप दिसणारा ॲल्युमिनियमचा भोंगा निरुपयोगी आहे, असें मात्र कोणी समजूं नये. दवंडी दूरवर पोहोंचवावयाची, तर त्याच्यासारखें स्वस्त साधन नाहीं. परंतु तो खालचे स्वर जवळजवळ गिळून टाकतो. पेटीचा भरीव स्वर आणि मृदंगाची घुमार त्यांतून पत्र्यासारखी ऐकूं येते. सूचनेला भोंगा आणि गाण्याला पेटी, एवढी विभागणी ध्यानांत ठेवली तरी पुष्कळ झालें.

दुकानांत गेल्यावर पहिला शब्द कानीं पडतो तो ‘वॅट’. खोक्यावर हजार, दोन हजार असे आंकडे ठळक छापलेले असतात. कांहीं स्वस्त यंत्रांवर ‘पीएमपीओ’ या नांवाखालीं त्याहूनहि भव्य आंकडा असतो. नांव मोठें, लक्षण खोटें, ही म्हण तेथें अक्षरशः खरी ठरते. क्षणभर उसळणारी शक्ति निराळी आणि सतत देतां येणारी शक्ति निराळी. विचारावयाची ती दुसरी. शिवाय शक्ति दुप्पट केली, तरी आवाज केवळ ३ डेसिबलनें वाढतो, आणि तो फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट मोठा भासण्यास सुमारें १० डेसिबलची वाढ, म्हणजे दसपट शक्ति लागते. म्हणून पांचशे वॅटांच्या जागीं हजार वॅटांसाठीं दीडपट पैसे मोजणें हा बहुधा तोट्याचा सौदा होय. वॅटांऐवजीं एक मीटर अंतरावर पेटी जास्तींत जास्त किती डेसिबल देते, तो आंकडा पाहावा.

तो आंकडा किती असावा, हें अंतरावरून ठरतें. उघड्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाज सुमारें ६ डेसिबलनें उतरतो. पेटीपासून एक मीटरवर ९६ डेसिबल असेल, तर २ मीटरवर ९०, ४ मीटरवर ८४, ८ मीटरवर ७८ आणि १६ मीटरवर ७२ डेसिबल राहील. साधें संभाषण एक मीटरवर सुमारें ६० डेसिबल असतें. तेव्हां सोळा मीटरवर बसलेल्या श्रोत्यालाहि ७२ डेसिबल पुष्कळ झाले. गाण्यांत आवाज सरासरीपेक्षां अधूनमधून पंधरावीस डेसिबलनें उसळतो, त्याला वाव ठेवला तरी कमाल १२० डेसिबलच्या आसपासची पेटी देवळापुढच्या अंगणास पुरते. त्याहून मोठें यंत्र म्हणजे नाकापेक्षां मोती जड.

येथें कायद्याचाहि विचार करावा लागतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालीं अस्तित्वांत आले. त्यांप्रमाणें निवासी वस्तींत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाचा आवाज या मर्यादेपेक्षां १० डेसिबलहून अधिक, किंवा ७५ डेसिबलहून अधिक, यांपैकीं जें कमी असेल त्यापलीकडे जातां कामा नये. ध्वनिक्षेपकासाठीं लेखी परवानगी लागते, आणि उघड्या जागेंत रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत तो वर्ज्य आहे. वर्षांतील फार तर पंधरा दिवस शासन मध्यरात्रीपर्यंत सूट देऊं शकतें. १८ जुलै २००५ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानेंहि शांत झोपेच्या हक्काचा कैवार घेतला. तीन घरें सोडून एखादें तापानें फणफणलेलें मूल निजलेलें असतें, हें भजन करणाऱ्यांनीं तरी विसरूं नये. यावर उपाय सोपा आहे. एक प्रचंड पेटी दूरवर रोंखण्यापेक्षां दोन लहान पेट्या श्रोत्यांच्या जवळ आणाव्या, बसलेल्यांच्या डोक्यांहून किंचित् उंच स्टँडवर चढवाव्या आणि त्यांचें तोंड थोडें खालीं, श्रोत्यांकडे वळवावें. आवाज जेथें हवा तेथें पडतो आणि शेजाऱ्याच्या खिडकींत शिरत नाहीं.

पडद्याचा आकार आठ, दहा, बारा, पंधरा इंच असा असतो. कंठ, पेटी, टाळ आणि मृदंग यांना दहा किंवा बारा इंच पुरे. पंधरा इंची पडद्याची खरी गरज नाचाच्या ध्वनिमुद्रित संगीताला, त्यांतील खालच्या ठोक्यांना असते. भजनाला मोल आहे तें व्यंजनांचें. स्वरांचा भर खालच्या पट्टींत असतो. पण ‘स’, ‘श’, ‘त’, ‘च’ यांना ओळख देणारा ध्वनि मुख्यतः दोन हजार कंपनांच्या वर राहतो आणि तो पेटीच्या वरच्या भागांतील लहान कर्ण्यांतून निघतो. म्हणून दुकानांत पेटी पारखतांना दुकानदाराचें आवडतें धडाडणारें गाणें ऐकूं नये. मंडळांतील एक गाणारा बरोबर न्यावा, त्याला ‘संत’, ‘शांत’, ‘चित्त’ असे शब्द म्हणावयास सांगावें, आणि दुसऱ्यानें आठदहा पावलें मागें व बाजूला सरून ते स्पष्ट कळतात कीं नाहीं, तें पाहावें. हीच खरी परीक्षा.

ध्वनिक्षेपक उत्तम असूनहि किंकाळी फुटते, तेव्हां दोष बहुधा मांडणीचा असतो. पेटींतून निघालेला आवाज पुन्हां माईकमध्यें शिरतो, पुन्हां वाढतो, आणि हें चक्र शिट्टींत संपतें. म्हणून पेट्या गाणाऱ्यांच्या पुढें असाव्या, मागें नव्हे. माईक तोंडाजवळ असावा आणि त्याची जाळी मुठींत धरूं नये. उघड्या माईकांची संख्या दुप्पट केली कीं शिट्टीपूर्वीची सवलत ३ डेसिबलनें घटते. प्रत्येकाला माईक देण्याचा मोह आवरलेला बरा. खंजिरी आणि टाळ मुळांतच बुलंद आहेत, त्यांना माईक कशाला? मुख्य गाणाऱ्याला एक, पेटीला एक आणि साथीच्या दोघांमध्यें मिळून एक, असे तीन माईक पुष्कळांचें काम भागवितात. अनेक पेट्यांना पाठीमागें दोन माईक जोडण्याची सोय असते. तिसरा लागला तर लहानसा मिक्सर घ्यावा.

विजेची बाब सर्वांत गंभीर आहे. गायकाच्या ओठांना माईक लागतांच झिणझिण्या आल्या, तर तो विनोदाचा विषय नव्हे, जिवावरचा इशारा आहे. सर्व यंत्रें एकाच ठिकाणाहून, जमिनीशीं नीट जोडलेल्या तीन-पिनी जोडणीवर चालवावीं. तिसरी पिन तोडून काम भागवूं नये, आणि ३० मिलिअँपियरवर वीज तोडणारें संरक्षक यंत्र बसवावें. खेड्यांत विजेचा दाब कमीजास्त होतो. म्हणून १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालणारी पेटी मिळाली, तर तिला पसंती द्यावी. वीज वारंवार जात असेल, तर अंगभूत बॅटरीच्या पेट्याहि मिळतात. मात्र त्यांवर लिहिलेले तास बहुधा मंद आवाजाचे असतात. विदर्भाच्या उन्हाळ्यांत पेटी उन्हांत ठेवली, तर वर्धक तापून मध्येंच बंद पडतो, हेंहि लक्षांत असावें.

शेवटीं पैशाचा हिशेब. विकत घ्यावें कीं भाड्यानें आणावें? समजा, एका रात्रीचें भाडें दोन हजार रुपये आहे आणि मंडळ वर्षांत चारच कार्यक्रम करतें. तर खर्च आठ हजार. मग चाळीस हजारांची सामग्री घेऊन ती माळ्यावर धूळ खात ठेवण्यांत शहाणपण नाहीं. पण दर पंधरवड्याला भजन होत असेल, तर भाडें वर्षाला अठ्ठेचाळीस हजारांवर जातें, आणि खरेदी पहिल्याच वर्षांत फिटते. घेतांना एकदम जोडी न घेतां एक चांगली पेटी घ्यावी आणि पुढच्या वर्षीं तशीच दुसरी जोडावी. दोन हिणकस पेट्यांपेक्षां तें बरें. पेटींतच सर्व पैसे संपवूं नयेत. चांगला माईक, भक्कम तारा आणि स्टँड यांसाठीं निदान चौथा हिस्सा राखावा. आणि दुरुस्ती कारंजाला, अकोल्याला किंवा अमरावतीला होईल कीं पेटी मुंबईला पाठवावी लागेल, हें पावती फाडण्यापूर्वीं विचारावें. अहुजासारख्या देशी नांवांचे सुटे भाग परिचित असतात. यामाहा किंवा जेबीएल यांची घडण उत्तम असली, तरी जवळ दुरुस्ती नसेल तर त्या गुणाचा उपयोग थोडा.

ध्वनिक्षेपकानें गाणें चांगलें होत नाहीं. जें आहे तें दूरवर जातें इतकेंच. भिंतीएवढ्या पेट्यांची चढाओढ आज लग्नांत आणि मिरवणुकींत सर्वत्र दिसते, आणि खंजिरीवर म्हणणाऱ्या चार माणसांना तिच्यापुढें संकोच वाटतो. तो वाटण्याचें कारण नाहीं. शेवटच्या रांगेंतल्या म्हातारीला शब्द कळला आणि शेजारच्या घरांतील मूल जागें झालें नाहीं, कीं ध्वनिक्षेपक योग्य निवडला, असें खुशाल समजावें.